शब्दशंका : ‘लागणे’ एक, वापर अनेक

‘लागणे’ या क्रियापदाबद्दलचे वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला उपयोगी पडेल, असे हे प्रश्न आहेत. उदाहरणे बोलण्यातल्या रूपात (‘लागलं’, ‘जावं’) दिली आहेत, विवेचन लेखी रूपात आहे.

प्रश्न : मुलीच्या स्वाध्यायात ‘लागणे’ या शब्दाचा समानार्थी शब्द विचारला होता. तिने ‘स्पर्श होणे’ लिहिले, ते चूक ठरले; ‘गरज असणे’ हे उत्तर अपेक्षित होते. बरोबर काय?

उत्तर : दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न मात्र अपुरा आहे. ‘लागणे’ला एकटे धरून समानार्थी शब्द देता येत नाही, कारण त्याचा अर्थ शेजारचे नाम आणि त्या नामाचा प्रत्यय ठरवतो. वाक्य दिले तरच उत्तर देता येते.

वाक्य हाती असेल तर पद्धत सोपी आहे. ‘लागणे’ काढून त्या जागी दुसरे क्रियापद घालायचे आणि वाक्य मोठ्याने वाचायचे. अर्थ तोच राहिला, तर तो त्या वाक्यापुरता समानार्थी शब्द. ‘चेंडू खिडकीला लागला’ इथे ‘आदळला’ चालतो. ‘पिशवीला चिखल लागलाय’ इथे ‘चिकटलाय’. ‘कणकेला दोन वाट्या पाणी लागेल’ इथे ‘खर्च होईल’ म्हटले तर वाक्य अवघडते, ‘पुरेल’ म्हटले तर अर्थ बदलतो; इथे ‘दोन वाट्या पाण्याची गरज पडेल’ असे वाक्यच थोडे फिरवावे लागते. ‘त्याला नोकरी लागली’ = मिळाली. ‘दार लागलं’ = बंद झालं. ‘दिवे लागले’ = पेटले. ‘झाडाला फळं लागली’ = धरली. ‘लाकडाला वाळवी लागली’ इथे ‘वाळवीने लाकूड धरलं’ म्हणता येते. ‘बोलणं मनाला लागलं’ = झोंबलं, जिव्हारी गेलं. ‘वाटेत नदी लागते’ = आडवी येते. ‘ते तुझे कोण लागतात?’ इथे मात्र एका क्रियापदाने काम भागत नाही. ‘ते नात्याने तुझे कोण?’ असेच विचारावे लागते.

काही ठिकाणी ‘लागणे’ला पर्यायच नाही. ‘भूक लागली’, ‘उचकी लागली’, ‘ठसका लागला’ ही वाक्ये दुसऱ्या क्रियापदाने सांगून पाहा, एकतर कृत्रिम वाटतील किंवा संस्कृत वळणाची होतील (‘क्षुधा उत्पन्न झाली’). अशा जागी पर्याय शोधू नये.

शिक्षकांना एक विनंती. समानार्थी शब्दांच्या प्रश्नात नामे ठेवावीत: डोंगर, पाणी, सूर्य. क्रियापद घ्यायचेच असेल तर पूर्ण वाक्य देऊन त्यातला शब्द अधोरेखित करावा. नाहीतर बरोबर लिहिणारे मूल चुकीचे ठरते, आणि भाषेवरचा त्याचा विश्वास उडतो.

प्रश्न : ‘दार लाव’ म्हणजे बंद कर आणि ‘दिवा लाव’ म्हणजे सुरू कर. एकाच शब्दाचे असे उलट अर्थ कसे?

उत्तर : ‘बंद’ आणि ‘सुरू’ हे आपण नंतर चिकटवलेले अर्थ आहेत. धातूचा मूळ अर्थ जोडले जाणे, भिडणे असा आहे. दाराची फळी चौकटीला भिडते, ज्योत वातीला धरते. दोन्हीकडे काहीतरी कशाला तरी जोडलेच जाते. त्यातून एकीकडे वाट बंद होते, दुसरीकडे उजेड होतो. विजेच्या वस्तू आल्या तेव्हा दिव्याचेच वळण त्यांना मिळाले: पंखा लावला, टीव्ही लावला, गाणी लावली.

नळाशी मात्र ‘लावणे’ वापरले तर घोटाळा होतो. ‘नळ लाव’ म्हणजे सोड, बंद कर की नवा बसव? म्हणून नळ ‘सोडतात’ आणि ‘बंद करतात’. ‘नळ लावला’ हे प्लंबरने नवीन नळ बसवला या अर्थी राहिले. खिडकी, झाकण, कुलूप, कडी, बटण (सदऱ्याचे) यांना ‘लावणे’ म्हणजे बंद करणे. दिवा, उदबत्ती, चूल, पंखा, रेडिओ यांना ‘लावणे’ म्हणजे सुरू करणे. भिंतीवरच्या विजेच्या बटणाला ‘दाबणे’ म्हणावे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाशी गल्लत होत नाही.

याच अर्थाने ‘दिवेलागण’ हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे. संध्याकाळी दिवे लागण्याची वेळ. ‘तिन्हीसांजा’ याला तो जवळचा.

प्रश्न : भूक लागते, पण थंडी वाजते, ताप येतो, भीती वाटते. काही नियम आहे का? अमराठी सहकाऱ्याला शिकवताना अडचण होते.

उत्तर : काटेकोर नियम नाही, जोड्या पाठच कराव्या लागतात. पण गट करून शिकवले तर लक्षात राहतात.

‘लागणे’ घेणारी नामे: भूक, तहान, धाप, उचकी, ठसका, ढास, ओढ, वेड, चटक, गोडी, लळा, हुरहूर, ध्यास. ‘येणे’ घेणारी: ताप, घाम, शिंक, जांभई, चक्कर, राग, कंटाळा, कीव, आळस. ‘वाटणे’ घेणारी: भीती, लाज, वाईट, आश्चर्य, अभिमान. सर्दी ‘होते’, जुलाब ‘होतात’. ‘वाजणे’ थंडीपुरते आणि हिवापुरते आहे, हुडहुडी ‘भरते’.

‘लागणे’च्या गटाकडे नीट पाहिले तर एक कल दिसतो. यातल्या बहुतेक गोष्टी धरून बसतात आणि काही उपाय होईपर्यंत सुटत नाहीत. भूक खाईपर्यंत, तहान पाणी पिईपर्यंत, ध्यास गोष्ट मिळेपर्यंत. राग, शिंक, जांभई येतात आणि जातात. ‘काळजी’ दोन्हीकडे चालते आणि तिथे फरक चांगला कळतो: ‘मला त्याची काळजी वाटते’ हे आत्ताच्या भावनेबद्दल आहे, ‘मला त्याची काळजी लागलीय’ म्हणजे ती मनातून हलत नाही.

सहकाऱ्याला सर्वांत आधी झोपेची जोडी शिकवा. ‘मला झोप येतेय’ म्हणजे डोळे जड झालेत, अजून जागा आहे. ‘मला झोप लागली’ म्हणजे झोपलो. ‘रात्री झोप आली नाही’ आणि ‘रात्री झोप लागली नाही’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण दुसऱ्यात माणूस पडून होता, प्रयत्न करत होता, हे दिसते. डॉक्टरला सांगताना हा फरक उपयोगाचा आहे.

प्रश्न : हल्ली ‘मला असं लागतं की तो येणार नाही’, ‘मला थंडी लागते’, ‘त्याला वाईट लागलं’ असे कानावर येते. हे मराठी आहे का?

उत्तर : हे हिंदीतल्या ‘लगना’चे सरळ उचललेले रूप आहे. मराठीत मत, अंदाज आणि भावना यांना ‘वाटणे’ आहे: ‘मला वाटतं तो येणार नाही’, ‘त्याला वाईट वाटलं’. थंडी वाजते.

गोंधळ होण्याचे कारण असे की दोन्ही भाषांत धातू एकच आहे आणि पुष्कळ वापर तंतोतंत जुळतात: आग लागली, भूक लागली, किती रुपये लागले, वेळ लागेल. त्यामुळे उरलेलेही जुळत असतील असे वाटते. जिथे जुळत नाही त्या जागा मोजक्या आहेत.

पहिली जागा ‘भासणे’ची. मराठीत ‘लागणे’ भासण्यासाठी येते, पण फक्त जीभ आणि त्वचा यांच्यापुरते. आमटी खारट लागते, आवळ्यानंतर पाणी गोड लागतं, भिंत हाताला ओलसर लागते, चादर खरखरीत लागते. डोळ्यांना गोष्ट ‘दिसते’, कानांना ‘ऐकू येते’, नाकाला ‘वास येतो’, आणि मनाला ‘वाटते’. म्हणून ‘जेवण छान लागलं’ हे चवीबद्दल आहे आणि ‘जेवण छान वाटलं’ हे एकूण बेताबद्दल. ‘नाटक चांगलं लागलं’ असे म्हटले तर मराठी माणूस क्षणभर थांबतो. त्याच्या मनात ‘कोणत्या नाट्यगृहाला?’ असा प्रश्न येतो, कारण नाटक लागणे म्हणजे त्याचा प्रयोग ठरणे.

दुसरी जागा ‘वाईट लागणे’. ‘त्याला वाईट वाटलं’ म्हणजे तो दुःखी झाला. बोलण्याने दुखावला असेल तर ‘त्याच्या मनाला लागलं’. दोन्ही मराठीत आहेत, त्यांची खिचडी करायची गरज नाही.

तिसरी ‘पत्ता लागला’. हिंदीत ‘पता लगा’ म्हणजे कळले. मराठीत ‘पत्ता लागला’ म्हणजे ठावठिकाणा सापडला. ‘मला पत्ता लागला की बैठक रद्द झाली’ हे चूक. ‘मला कळलं’ किंवा ‘समजलं’ म्हणावे.

प्रश्न : ‘मला जायला लागलं’ आणि ‘मी जायला लागलो’ यांत नेमका फरक काय? ‘करू लागणे’ आणि ‘करावे लागणे’ हे वेगळे का?

उत्तर : या स्तंभातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबवतो.

‘लागणे’ दुसऱ्या क्रियापदाला जोडले गेले की तीन अर्थ होतात: सुरुवात, सक्ती आणि मदत.

सुरुवात. कर्त्याला ‘ला’ नसतो. ‘मी जायला लागलो’, ‘ती लिहायला लागली’, ‘पाऊस पडू लागला’. ‘-ऊ लागणे’ हे रूप लेखनात जास्त शोभते, ‘-आयला लागणे’ बोलण्यात. अर्थात फरक नाही.

सक्ती. ज्याच्यावर वेळ आली त्याला ‘ला’ लागतो. ‘मला जावं लागलं’. बोलताना पुष्कळ जण ‘मला जायला लागलं’ म्हणतात; ते चुकीचे नाही, पण लेखी मजकुरात ‘जावे लागले’ घ्यावे, कारण ते वाचताना सुरुवातीच्या अर्थाशी गल्लत होत नाही. ही गल्लत कशी होते पाहा: ‘शेवटी चिठ्ठी लिहायला लागली.’ तिने लिहायला सुरुवात केली की कोणाला तरी लिहावी लागली? कर्ता गाळला आणि कर्म स्त्रीलिंगी असले की दोन्ही अर्थ उभे राहतात. ‘शेवटी चिठ्ठी लिहावी लागली’ म्हटले की प्रश्न मिटतो.

सक्तीच्या रूपात दोन्ही क्रियापदे कर्माप्रमाणे बदलतात, आणि छापील मजकुरात सर्वाधिक चुका इथेच होतात. निबंध लिहावा लागला, चिठ्ठी लिहावी लागली, पत्र लिहावे लागले, चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या, अर्ज लिहावे लागले. ‘चिठ्ठी लिहावे लागली’ किंवा ‘अनेक चिठ्ठ्या लिहावी लागली’ अशी अर्धवट जुळवणी करू नये. कर्मालाच ‘ला’ असेल तर मात्र दोन्ही क्रियापदे नपुंसकलिंगी एकवचनी राहतात: ‘मुलींना बोलवावे लागले’.

‘ला असेल तर सक्ती’ या खुणेला एक मोठा अपवाद आहे. कळणे, समजणे, आठवणे, दिसणे, आवडणे, सुचणे या क्रियापदांना मुळातच ‘मला’ लागतो. म्हणून ‘मला मराठी कळायला लागली’, ‘मला आठवू लागलं’, ‘त्याला ते आवडायला लागलं’ यांत सक्ती नाही, सुरुवातच आहे. सक्ती सांगायची तर ‘-आवे’चे रूप घ्यावे: ‘मला जुना पत्ता आठवावा लागला’.

मदत. हा अर्थ व्याकरणाच्या पुस्तकांत दुर्लक्षित राहतो आणि शहरी बोलण्यातून मागे पडत चालला आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. ‘ती भांडी घासू लागली’ म्हणजे सुरुवात केली. ‘ती आईला भांडी घासू लागली’ म्हणजे आईला भांडी घासायला मदत केली. ज्याला मदत झाली त्याला ‘ला’, आणि मुख्य क्रियापद ‘-ऊ’चे. ‘मला जरा गवार निवडू लाग’ ही आज्ञा किती सहज आहे! ‘मला गवार निवडायला मदत कर’ यात तो जिव्हाळा नाही. ‘दोघं मिळून एकमेकांना करू लागतात’ असे घरातल्या कामाबद्दल म्हणतात. हा वापर जपण्यासारखा आहे. त्यासाठी फार काही करायला नको, रोज तोंडी ठेवला की झाले.

अनुवाद करणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘मला जावं लागलं’ यात गेलो हे गृहीत आहे. ‘मला जायला हवं होतं’ यात बहुधा गेलो नाही. ‘मला जावं लागणार होतं’ यात पुढे काय झाले ते सांगितलेले नाही. मूळ मजकुरात प्रत्यक्ष कृती घडली आहे की नाही, हे आधी पाहावे आणि मग रूप निवडावे.

प्रश्न : ‘मला चहा लागतो’, ‘मला चहा पाहिजे’, ‘मला चहा हवा’ यांत फरक आहे का?

उत्तर : आहे. ‘पाहिजे’ आणि ‘हवा’ या आत्ताच्या इच्छा आहेत; ‘हवा’ जरा मऊ, ‘पाहिजे’ जरा ठाम. ‘लागतो’ म्हणजे सवय किंवा त्यावाचून अडते. पाहुण्याकडे ‘मला चहा लागतो’ म्हटले तर ते मागणे नसते, स्वभाव सांगणे असते.

कृती लिहिताना किंवा सामानाची यादी करताना ‘लागणे’ घ्यावे, कारण तिथे इच्छा नाही, प्रमाण आहे: ‘एका खोलीला किती रंग लागेल?’ ‘गरज’ हा शब्द थोडा औपचारिक. ‘काही लागलं तर सांगा’ हे चार शब्द ‘आपणास काही आवश्यकता भासल्यास कळवावे’ या वाक्यापेक्षा आपुलकीचे आहेत, आणि पत्रातही चालतात.

प्रश्न : ‘बराच वेळ लागला’ की ‘बरीच वेळ लागली’?

उत्तर : ‘बराच वेळ लागला.’ कालावधी या अर्थी ‘वेळ’ पुल्लिंगी आहे, घटका किंवा प्रसंग या अर्थी स्त्रीलिंगी: ‘जेवायची वेळ झाली’, ‘ही वेळ वाईट आहे’. ‘लागणे’ नेहमी कालावधीबद्दल येते, म्हणून ‘वेळ लागला’. आकडा आला की आकड्याप्रमाणे अनेकवचन: ‘दोन तास लागले’, ‘पाच मिनिटं लागली’, ‘शंभर रुपये लागले’.

प्रश्न : डोळा लागणे आणि डोळे लागणे, हात लागणे आणि हाती लागणे. असे वाक्प्रचार मुलांना कसे समजावावेत?

उत्तर : यादी पाठ करून घेण्यापेक्षा, एका नामाचे वचन किंवा प्रत्यय बदलला की अर्थ कसा सरकतो, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवावे.

‘दुपारी जरा डोळा लागला’ म्हणजे डुलकी लागली. ‘साऱ्यांचे डोळे निकालाकडे लागले’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणे. एक डोळा मिटतो, दोन डोळे उघडे राहतात! आणि ‘डोळ्याला लागलं’ म्हणजे इजा झाली.

हाताची जोडी अशीच. ‘चुकून हात लागला’ म्हणजे स्पर्श झाला. ‘पुरावा हाती लागला’ म्हणजे सापडला. ‘हाताला लागलं’ म्हणजे दुखापत. ‘हाताला लागेल ते घेऊन धावला’ म्हणजे जे सापडेल ते. ‘जरा हात लाव’ म्हणजे ओझे उचलायला मदत कर.

‘नाद लागला’ हे गोष्टीबद्दल (पत्त्यांचा नाद लागला), ‘नादी लागला’ हे माणसाबद्दल (त्याच्या नादी लागू नकोस). ‘मन लागत नाही’ म्हणजे चित्त रमत नाही. ‘मनाला लागलं’ म्हणजे दुखावलो. ‘मनाला लावून घेतलं’ म्हणजे विसरायला तयार नाही. ‘मनावर घेणे’ यापासून ते वेगळे ठेवावे, कारण मनावर घेणे म्हणजे निर्धाराने कामाला लागणे. ‘तोंडी लागू नकोस’ म्हणजे वाद घालू नकोस, ‘तोंडी लावायला काय आहे?’ म्हणजे मुख्य जेवणाबरोबर चवीला काय आहे.

‘वाट’ हे नाम सर्वांत धोक्याचे. ‘वाट लागली’ म्हणजे नासाडी झाली. ‘वाटेला लागला’ म्हणजे निघाला. ‘वाटेत देऊळ लागतं’ म्हणजे रस्त्यात येते. ‘मार्गी लागला’ म्हणजे स्थिरावला, काम सुरळीत झाले. ‘काम मार्गी लागलं’ आणि ‘कामाची वाट लागली’ ही परस्परविरुद्ध वाक्ये आहेत, जरी मार्ग आणि वाट हे समानार्थी शब्द असले तरी. समानार्थी शब्द वाक्प्रचारात एकमेकांच्या जागी का घालू नयेत, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

प्रश्न : कार्यालयीन पत्रांत ‘लागू होणे’, ‘लागू पडणे’, ‘लागू असणे’ मिसळून वापरतात. योग्य वापर सांगा.

उत्तर : नियम, कायदा, कर, वेतनश्रेणी ‘लागू होते’ (सुरुवात), ‘लागू आहे’ (स्थिती), आणि शासन किंवा संस्था ती ‘लागू करते’. औषध, उपाय, मात्रा ‘लागू पडते’, म्हणजे गुण येतो. म्हणून ‘सुधारित नियम लागू पडतील’ असे पत्रात लिहू नये. ते वाचणाऱ्याला ‘नियमांचा गुण येईल’ असे वाटते. युक्तिवादाबद्दल मात्र ‘हे म्हणणं इथे लागू पडत नाही’ हे रूढ आहे आणि चालते.

‘लागू होणे’ आणि नुसते ‘लागणे’ यांतही अंतर आहे. ‘१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला’ हे व्यवस्थेबद्दल; ‘या बिलावर कर लागला’ हे त्या बिलावरच्या आकारणीबद्दल. अर्जाच्या नमुन्यात ‘लागू नसल्यास रेघ ओढा’ हे पुरेसे आहे. ‘लागू होत नसल्यास’ अशी लांबण नको.

प्रश्न : ‘वेळ लागला’ आणि ‘वेळ लावला’, ‘शोध लागला’ आणि ‘शोध लावला’ यांतले कोणते कधी वापरावे?

उत्तर : ‘लागणे’ म्हणजे घडले, ‘लावणे’ म्हणजे कोणीतरी घडवले. ‘लावणे’ आले की जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आलाच. ‘दुरुस्तीला वेळ लागला’ ही माहिती आहे, ‘तुम्ही दुरुस्तीला वेळ लावलात’ ही तक्रार आहे. ग्राहकाला उत्तर देताना हा फरक सांभाळावा. तक्रार करायची असेल तेव्हा उगाच ‘लागला’च्या आड जाऊ नये.

तसेच ‘मला थांबावं लागलं’ यात परिस्थिती आहे, ‘त्याने मला थांबायला लावलं’ यात माणूस आहे.

शोधाबाबत: १८९८ मध्ये रेडियमचा शोध लागला, मेरी आणि पिएर क्युरी यांनी तो लावला. हरवलेल्या माणसाचा शोध आधी ‘घेतात’, सापडला की शोध ‘लागतो’. ‘पोलिसांनी मुलाचा शोध लावला’ याचा अर्थ मुलगा सापडला असा होतो, त्यामुळे तपास चालू असताना बातमीत हे वाक्य लिहिणे ही गंभीर चूक आहे. सुगावा लागणे, माग लागणे, छडा लागणे हे शब्द शोधाच्या पायऱ्यांसारखे वापरता येतात: सुगावा म्हणजे पहिली खूण, माग म्हणजे दिशा, छडा म्हणजे शेवटपर्यंत उलगडा.

प्रश्न : ‘मला गाडी लागते’ आणि ‘गाडी लागली’ यांचा संबंध काय?

उत्तर : अर्थाने काहीच नाही. ‘मला गाडी लागते’ म्हणजे प्रवासात मळमळते; बोटही अशीच ‘लागते’. इथे लागणे म्हणजे बाधणे, जसे ऊन लागणे. ‘गाडी फलाटाला लागली’ म्हणजे येऊन उभी राहिली. ‘मला’ आहे की नाही, एवढे पाहिले की पुरते.

प्रश्न : ‘लग्न लागणे’ यात दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, हे खरे का?

उत्तर : खरे. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. त्याचे रूप ‘लग्न’, म्हणजे जोडलेले. प्राकृतातल्या ‘लग्ग’मधून मराठी ‘लागणे’ आले. ‘संलग्न’, ‘लगत’, ‘लागून’, ‘लागवड’, ‘लागण’ याच कुळातले. बोलताना ‘लग्न जमलं, ठरलं, लागलं, झालं’ या चार गोष्टी वेगळ्या आहेत. ‘लागलं’ म्हणजे मुहूर्तावर अक्षता पडल्या तो क्षण. म्हणून पत्रिकेतली वेळ ही लग्न ‘लागण्याची’ असते, लग्न ‘होण्याची’ नव्हे.

प्रश्न : ‘लागणे’चे सगळे अर्थ पाहायला कोणता कोश घ्यावा? मोल्सवर्थमध्ये शोधले तर सापडत नाही.

उत्तर : मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती संगणकावर उपलब्ध आहे. त्यात क्रियापदे जुन्या लेखनाप्रमाणे अनुस्वारासह आहेत, म्हणून ‘लागणे’ऐवजी ‘लागणें’ टाकून पाहा. वाक्प्रचार मात्र क्रियापदाखाली शोधत बसू नये; आधी नामाची नोंद काढावी. ‘डोळा लागणे’ हवे असेल तर ‘डोळा’, ‘नादी लागणे’ हवे असेल तर ‘नाद’. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातही आधी नाम आणि मग क्रियापद या क्रमाने गेलात तर पाने कमी उलटावी लागतील.